वय ६६, गाडी व्हर्टस जीटी मॅन्युअल: दोन वर्षं आणि २८ हजार किलोमीटर

परवा चिपळूणहून परत येताना ओडोमीटरवर २८ हजार झाले, तेव्हाच ठरवलं की आता या गाडीबद्दल नीट बसून लिहायचं. गाडी फोक्सवॅगन व्हर्टस, जीटी प्लस, १.५ टीएसआय (म्हणजे दीड लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन), सहा गिअरची मॅन्युअल, रंग लाल. घेतली डिसेंबर २०२३ मध्ये, तेव्हा मी ६४ वर्षांची होते, सरकारी बँकेतून रिटायर होऊन चार वर्षं झालेली. राहते पुण्यात, कोथरूडला. गाडी मीच चालवते, घरात दुसरं कोणी चालवत नाही, आमच्या अहोंनी दोन्ही गुडघ्यांच्या ऑपरेशननंतर स्टिअरिंग सोडलं ते सोडलंच.

लिहायचं कारण असं की गाडी घ्यायच्या आधी मी महिनाभर यूट्यूबवर रिव्ह्यू बघत होते आणि ते करणारे सगळे पंचविशी तिशीतले. शून्य ते शंभर किती सेकंदात, एक्झॉस्टचा आवाज कसा येतो, कोपऱ्यात किती जोरात वळते. चांगली माहिती होती, मुलं मनापासून बोलतात. पण चार तास बसून उतरल्यावर कंबर काय म्हणते, सीट किती खाली आहे, ट्रॅफिकमध्ये क्लच दाबून डावा गुडघा दुखतो का, हे एकानेही सांगितलं नाही. आणि माझ्यासारखे लोक काही कमी नाहीयेत हो, सकाळी टेकडीवर फिरायला येणाऱ्या आमच्या ग्रुपातच एक काका आहेत, वय ७१, त्यांच्याकडे २०१७ ची स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस आहे, २३० पीएसवाली (पीएस म्हणजे इंजिनाच्या ताकदीचं माप), आणि ते ती इतकी सुंदर चालवतात की शेजारी बसलं तर डोळा लागावा. जन्मभर इतरांच्या सोयीच्या गाड्या घेतलेली माणसं आहेत ही, मुलांची शाळा, आईवडिलांचं हॉस्पिटल, डिकीत सिलिंडर. आता एक गाडी आपल्याला आवडते म्हणून घ्यावीशी वाटली तर त्यांना नीट माहिती मिळायला हवी.

मी ड्रायव्हिंग शिकले १९८४ मध्ये, नवीन लग्न झालेलं, सासऱ्यांची प्रीमियर पद्मिनी होती, १०८९ सीसी, गिअरचा दांडा स्टिअरिंगला. पॉवर स्टिअरिंग नाही, एसी नाही, खंबाटकी चढताना टेम्परेचरचा काटा वर वर जायचा आणि घाटात कडेला बॉनेट उघडून, चाकामागे दगड लावून उभ्या असलेल्या गाड्यांची रांगच असायची, त्यात आम्ही पण असायचो. सासरे शेजारी बसून एकच वाक्य सांगायचे, सूनबाई, ज्या गिअरमध्ये घाट चढलीस त्याच गिअरमध्ये उतरायचा. ते वाक्य आजही कानात आहे. त्यानंतर मारुती ८००, मग झेन, मग बारा वर्षं स्विफ्ट डिझेल. झेन हातात आली तेव्हा पहिल्यांदा कळलं की गाडी नुसती नेत नाही, ती आपल्याशी बोलते. तेव्हापासून मनात होतं की एकदा खरी दमदार गाडी घ्यायची, पण ते एकदा यायला २०२३ उजाडलं.

शोरूमचा अनुभव सांगितलाच पाहिजे कारण तो खूप लागला मला. ही दुसऱ्या कंपनीची शोरूम, नाव घेत नाही. मी आणि जावई गेलो होतो, मी आधीच फोनवर सांगितलं होतं की टर्बो पेट्रोल मॅन्युअल बघायची आहे. तिथला मुलगा पूर्ण वेळ जावयाकडे बघून बोलत होता. मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर जावयाला. शेवटी म्हणाला, सर, काकूंसाठी ही छोटी ऑटोमॅटिक बेस्ट राहील, मंदिर, भाजी, जवळपास फिरायला. जावई म्हणाला अहो गाडी आई घेतायत, पैसे त्यांचे, चालवणार त्या. तरी टेस्ट ड्राइव्हची चावी त्याने जावयाच्याच हातात दिली. मी उठले आणि बाहेर आले. चाळीस वर्षं गाडी चालवतेय, एकदाही क्लेम घेतलेला नाही, आणि माझ्या पांढऱ्या केसांकडे बघून कोणीतरी ठरवतो की मला भाजीपुरतीच गाडी हवी. शोरूमवाले कोणी वाचत असतील तर कळकळीने सांगते, समोर आलेल्या माणसाला आधी विचारा, चालवणार कोण आणि कुठे.

व्हर्टसच्या शोरूममध्ये एक मुलगी होती, तिने पहिला प्रश्न विचारला की मॅडम तुमचं जास्त ड्रायव्हिंग शहरात आहे की हायवेला. चावी माझ्या हातात दिली. चांदणी चौकातून मुळशी रोडला, भूगावच्या पुढे पिरंगुटचा छोटा घाट आहे तिथपर्यंत गेलो. परत येताना मी काही बोललेच नाही, जावई म्हणाला आई, झालं वाटतं तुमचं नक्की.

आता गाडीकडे येते. इंजिन १४९८ सीसी, चार सिलिंडर, टर्बो, १५० पीएस आणि २५० एनएम (हे इंजिनाच्या ओढीचं, म्हणजे टॉर्कचं माप). हे आकडे सगळे सांगतात, त्यातला आपल्या वयाच्या माणसाला कामाचा आकडा वेगळाच आहे. तो २५० एनएमचा पूर्ण जोर १६०० आरपीएमपासूनच, म्हणजे इंजिन मिनिटाला १६०० फेरे फिरत असतानाच मिळतो. म्हणजे काय, तर इंजिन किंचाळवावं लागत नाही, सारखा गिअर बदलावा लागत नाही, चौथ्यात ४५-५० ला चाललीय आणि पुढे जागा मिळाली की नुसता पाय द्यायचा, गाडी निघते. स्विफ्टमध्ये घाटात मी तिसरा दुसरा तिसरा दुसरा करत बसायचे आणि उतरल्यावर डावा पाय थरथरायचा. इथे तो त्रास निम्म्याहून कमी झाला. इंजिनात अजून एक गंमत आहे, हायवेला सपाट रस्त्यावर हलक्या पायाने चालवली की चारपैकी दोन सिलिंडर आपोआप बंद होतात आणि मीटरवर तसं लिहून येतं, पेट्रोल वाचतं. मला ते लिहिलेलं दिसलं की बरं वाटतं, पाय बरोबर आहे असं कळतं. मायलेज मला शहरात ११ ते १२, हायवेला शांतपणे चालवली तर १७-१८ मिळतं. टाकी ४५ लिटरची आहे.

सगळ्यात जास्त ज्या गोष्टीबद्दल सांगायचंय ती ओव्हरटेक. लोक म्हणतात या वयात १५० पीएस कशाला, तुम्ही काय रेस लावणार आहात का. नाही लावणार. एक्सप्रेसवेला लिमिट १०० आहे, घाटात ६०, आता तर कॅमेरे आहेत, आणि कॅमेरे नसते तरी मी १०० च्या वर जात नाही. मग पॉवर कशाला, तर उंब्रज ते पाटण रस्त्यासाठी. माझं माहेर चिपळूण, वर्षातून सहा सात फेऱ्या होतात, पुणे सातारा उंब्रज पाटण कोयनानगर आणि मग कुंभार्ली घाट. डिसेंबर ते मार्च तिथे उसाचे ट्रॅक्टर असतात, एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागे लाइट नाही, स्पीड वीस. मागच्या जानेवारीत अशाच एकामागे मी दोन किलोमीटर होते, सकाळचे साडेनऊ, समोरून एसटी आणि ट्रक येत होते. मी घाई केली नाही, मागे भरपूर अंतर ठेवून राहिले म्हणजे पुढचं दिसत राहतं. मग एका सरळ पट्ट्यावर रस्ता लांबपर्यंत मोकळा दिसला, दुसरा गिअर, इंडिकेटर, हॉर्न, पाय दिला. उसाची पानं डाव्या आरशाला घासतील की काय इतकी जवळ वाटली, दुसऱ्या ट्रॉलीवर ऊसाच्या मोळ्यांवर एक बाई मुलाला मांडीवर घेऊन बसलेली दिसली, आणि तेवढ्यात मी पुढे होते, परत डावीकडे, तिसरा गिअर. समोरून येणारा ट्रक अजून लांब ठिपक्याएवढा होता. स्विफ्टमध्ये हेच ओव्हरटेक करताना चुकीच्या बाजूला मी किती वेळ असायचे ते आठवलं की आता भीती वाटते. पॉवर असण्याचा फायदा हा आहे, समोरच्या लेनमध्ये आपण कमीत कमी वेळ राहतो. आणि हे तरुणांपेक्षा आपल्याला जास्त लागू आहे कारण आपला अंदाज, आपली मान वळणं, सगळंच थोडं सावकाश झालेलं असतं.

याची दुसरी बाजू पण प्रामाणिकपणे सांगते. मी बँकेतली, आकड्यांशिवाय मला पटत नाही. ताशी ८० ने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. माझा पाय ब्रेकवर जायला पूर्वीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागला तर ११ मीटर गेले, म्हणजे या गाडीच्या लांबीच्या जवळजवळ अडीच पट. गाडी कितीही भारी असली तरी ते ११ मीटर तिला परत आणता येत नाहीत. म्हणून मी पुढच्या गाडीपासून अंतर पूर्वीपेक्षा जास्त ठेवते, मध्ये कोणी घुसलं तर घुसू दे, परत मागे होते. ही सवय होणार नसेल तर ही गाडी घेऊ नका, खरंच घेऊ नका.

घाटात गाडी कशी आहे ते विचाराल तर मन भरून येतं. कुंभार्लीत वळणावर फारशी झुकत नाही, मागे बसलेल्याला मळमळ होत नाही (आमच्या सूनबाईंना स्विफ्टमध्ये हेळवाकच्या आधीच उलटी व्हायची, या गाडीत एकदाही नाही). स्टिअरिंग शहरात हलकं आणि स्पीडला जड होतं, त्यामुळे हात स्थिर राहतो. माझ्या मनगटात जरा संधिवात आहे तरी त्रास नाही. ब्रेक पुढे डिस्क आणि मागे ड्रम आहेत, मागे पण डिस्क द्यायला हव्या होत्या असं बरेच लोक म्हणतात आणि या किमतीला ती अपेक्षा रास्तच आहे. पण मी सासऱ्यांच्या नियमाने उतरते, दुसरा नाहीतर तिसरा गिअर आणि इंजिन ब्रेकिंग (पाय काढला की इंजिनच गाडीला रोखतं), ब्रेकला फक्त वळणाच्या आधी हात लावल्यासारखा पाय. पोफळीला खाली पोचते तेव्हा चाकांना वास येत नाही.

हाच नियम पुण्यात शिरताना. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं की नवले पुलापर्यंत सलग उतार आहे, तिथे किती अपघात झालेत हे पुणेकरांना वेगळं सांगायला नको. काही ट्रकवाले डिझेल वाचवायला न्यूट्रल करतात आणि खाली ब्रेक लागत नाहीत. मी तिथे चौथ्या तिसऱ्या गिअरमध्ये, डावीकडच्या लेनमध्ये, आणि अर्धं लक्ष आरशात. मागून ट्रक वेगात येताना दिसला तर बाजूला व्हायला इंजिनात जोर असतो, हा सुद्धा फायदाच आहे. इतक्या वर्षांत त्या उतारावर मला पहिल्यांदा निर्धास्त, म्हणजे बेसावध नाही, पण हातात सगळं आहे असं वाटतंय.

सेफ्टी बघूनच घेतली होती. गाड्या आदळून सेफ्टी तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने एप्रिल २०२३ मध्ये व्हर्टस आणि स्लाव्हियाला पाच स्टार दिले, मोठ्यांसाठी ३४ पैकी २९.७१ आणि मुलांसाठी ४९ पैकी ४२. माझ्या गाडीत सहा एअरबॅग आहेत, गाडी घसरायला लागली तर सावरणारं ईएससी आहे, चढावर गाडी मागे न येऊ देणारं हिल होल्ड आहे, आणि हे शेवटचं मॅन्युअलवाल्यांसाठी सोन्यासारखं आहे. आमच्या सोसायटीचा बेसमेंटचा रॅम्प उभा आहे, त्याच्या तोंडाशी थांबून रस्ता बघायचा, पूर्वी हँडब्रेक ओढून क्लच सोडायची कसरत, आता गाडी दोन सेकंद धरून ठेवते. ज्यांना लेन सोडली की आवाज देणारं, आपोआप ब्रेक मारणारं वगैरे एडास हवंय त्यांनी लक्षात घ्या, माझ्या गाडीत ते नाही. आरसे मात्र नीट लावा. मी दोन्ही आरसे इतके बाहेर लावलेत की त्यात माझीच गाडी जेमतेम कडेला दिसते, त्याने न दिसणारी जागा खूप कमी होते आणि मान कमी वळवावी लागते.

आता शरीराबद्दल, कारण कोणी लिहीत नाही.

सीट खाली आहे. सेडान आहे, त्यातून असली गाडी, खाली असणारच, एसयूव्हीसारखं चालत जाऊन बसता येत नाही. आधी पाय आत टाकून मग बसायला गेलं की गुडघा पिळवटतो. आधी पाठ गाडीकडे करून सीटवर बसायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यायचे, डोकं जरा वाकवून. उतरताना उलटं, दोन्ही पाय बाहेर, जमिनीवर टेकले की हात दाराच्या चौकटीला धरून उठायचं. आठवडाभरात सवय होते. सीटची उंची वर करता येते ती मी पूर्ण वर केलीय, माझी उंची ५ फूट २ इंच, त्याने बॉनेटची कड पण दिसते. स्टिअरिंग वरखाली आणि पुढेमागे दोन्ही होतं, हे फार महत्त्वाचं आहे, नाहीतर बुटकी माणसं स्टिअरिंगला छाती लावून बसतात. पाठ टेकलेली असताना हात सरळ केला की मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर आलं पाहिजे आणि क्लच पूर्ण दाबल्यावरही डावा गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. शोरूममध्येच हे करून बघा, पाच मिनिटं बसा, लाजू नका.

क्लच. हलका नाही, जडही नाही, पण दाबायचा पल्ला लांब आहे. रोज कर्वे रोडला संध्याकाळी सहा वाजता जाणाऱ्याला मी मॅन्युअल घ्या म्हणणार नाही. माझं शहरातलं काम सकाळी अकराच्या आत असतं म्हणून निभावतं. ऑटोमॅटिकमध्ये सात गिअरचा डीएसजी मिळतो, चालवायला अप्रतिम, गिअर कधी पडला कळत नाही. तो ड्राय क्लचचा आहे, म्हणजे क्लच तेलात नसतो आणि लवकर तापतो, त्यामुळे ट्रॅफिकमध्ये इंच इंच पुढे सरकवत राहायचं नसतं, गॅप पडू द्यायची आणि मग एकदम पुढे घ्यायची, ब्रेक पूर्ण दाबून थांबायचं. गुडघ्याचा त्रास खरा असेल तर डीएसजीच घ्या, त्यात मजा कमी होत नाही. मी मॅन्युअल घेतली कारण गिअर टाकताना तो जो टप्प्याटप्प्याने हाताला लागतो तो मला हवा होता. डावा हात, डावा पाय आणि कान तिघांनी मिळून एक काम करायचं, ते माझ्या डोक्याला ताजं ठेवतं असं मला मनापासून वाटतं.

पुढच्या सीटला गार हवा येते, मे महिन्यात चिपळूणला गेलात तर तिची किंमत कळेल. पाठीला आधार चांगला आहे, कंबरेला मी एक छोटी उशी घेते. एसीची बटणं टच आहेत, फिरवायचा नॉब नाही, त्यामुळे चालवताना बघावं लागतं. मी निघायच्या आधीच टेम्परेचर लावून टाकते आणि मग हात लावत नाही, लागलंच तर शेजारी अहो आहेत.

मागची सीट लांबरुंद आहे, पाय पसरून बसता येतं, पण अति वयस्कर माणसांना आत जायला अवघड. सासूबाई ८९ च्या आहेत. त्यांच्यासाठी एक युक्ती सापडली, सीटवर प्लास्टिकची मोठी पिशवी अंथरायची, त्या आडव्या बसतात आणि मग पिशवीवरून अलगद सरळ फिरतात, साडी अडकत नाही, गुडघा ओढला जात नाही. बसल्या की पिशवी काढून घ्यायची, नाहीतर ब्रेक मारल्यावर त्या पुढे घसरतील. पहिल्यांदा बसल्या तेव्हा पंधरा मिनिटांनी म्हणाल्या, सूनबाई, गाडी चाललीय का थांबलीय? ह्यांच्या वडिलांच्या पद्मिनीत त्या खिडकीचा दांडा धरून बसायच्या.

डोळ्यांचं सांगते, हे सगळ्यात महत्त्वाचं. २०२४ च्या पावसाळ्यात मला रात्री समोरच्या गाडीच्या लाइटभोवती तारे दिसायला लागले. मी आधी काच पुसली, मग चष्मा पुसला, आणि मग कळलं की मोतीबिंदू आहे. त्या दिवसापासून ऑपरेशन होऊन डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत अंधारात गाडी चालवली नाही. आता दिसतं छान, तरी लांबच्या प्रवासात सात वाजले की जिथे असेन तिथे थांबायचं हा माझा नियम. गाडीचे एलईडी लाइट उत्तम आहेत, प्रश्न समोरून हायबीम मारत येणाऱ्यांचा आहे. लायसन्सचं म्हणाल तर पंचावन्ननंतर ते पाच पाच वर्षांसाठीच मिळतं आणि फॉर्म १ए वर डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं. माझं २०२४ मध्ये झालं. पाच वर्षं म्हणजे आपल्या वयात खूप मोठा काळ आहे, म्हणून मी दर वर्षी वाढदिवसाच्या महिन्यात डोळे, कान आणि शुगर तपासून घेते. ही गाडी चालवायचा हक्क मला स्वतःला दर वर्षी नव्याने कमवायचा आहे.

ग्राउंड क्लिअरन्स कंपनी १७९ मिलिमीटर सांगते, सेडानला चांगला आहे. पाच माणसं आणि सामान भरून गावातल्या उभ्या स्पीडब्रेकरवरून जाताना मी तिरकी घेते, एका वेळी एक चाक. डिकी ५२१ लिटरची आहे, मागच्या मे महिन्यात आंब्याच्या आठ पेट्या आणि दोन बॅगा आरामात बसल्या, वर आईच्या हातची फणसाची साठं.

टायर २०५/५५ आर१६. यावर एक किस्सा. नाशिक रोडला एका टायरवाल्याकडे हवा भरायला थांबले, त्याने न विचारता चाळीस भरली, म्हणाला काकू हायवेला जास्त लागते, मायलेज वाढतं. मी खाली उतरून सगळ्या चाकांतून काढायला लावली. हवा किती हवी ते गाडीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, तेवढीच, आणि टायर थंड असताना बघायची. जास्त हवेने टायर मधल्या पट्ट्यावरच चालतो, पावसात पकड जाते, आणि असल्या गाडीत तर पकड हीच सगळी पुंजी आहे. मी एक छोटा गेज डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलाय, लांबच्या प्रवासाच्या आदल्या दिवशी स्वतः बघते.

किंमत. मला ऑन-रोड वीस लाखाच्या आसपास पडली. ग्रॅच्युइटीतले ठेवलेले पैसे होते. मुलीने एकदाच विचारलं, आई नक्की ना, मी म्हटलं नक्की, त्यावर ती म्हणाली मग लाल घे. त्या वेळी बघितलेल्या बाकीच्यांबद्दल थोडक्यात: स्कोडा स्लाव्हियात हेच इंजिन आणि ती पण इथेच चाकणला बनते, दिसण्यात जी आवडेल ती घ्या. व्हर्ना टर्बो १६० पीएसची आहे, एडास आहे, मी चालवली, मऊ आणि आरामशीर वाटली, मला व्हर्टसचं स्टिअरिंग जास्त भावलं. बजेट कमी असेल आणि शहरात जास्त फिरणं असेल तर आय२० एन लाइन बघा, १२० पीएस, छोटी आहे, पार्किंगला सोपी, आणि बसायला उतरायला व्हर्टसपेक्षा बरी. २०२५ मध्ये गोल्फ जीटीआय आणि नवी ऑक्टाव्हिया आरएस आल्या, दोन्ही २६५ पीएस, पन्नास लाखाच्या घरात, ऑक्टाव्हियाच्या तर शंभरच गाड्या होत्या. आमचे ७१ वाले काका त्या वेळी दोन दिवस नीट जेवले नाहीत, मग म्हणाले माझी जुनीच बरी, तिला माझा हात माहितीये.

जावयाने एकदा मला पॉल न्यूमनचं सांगितलं, हॉलिवूडचे नट, १९९५ ला डेटोनाच्या २४ तासांच्या रेसमध्ये वयाच्या ७० व्या वर्षी उतरले आणि त्यांच्या टीमने आपला क्लास जिंकला. मला रेस नाही लावायची. पण ते ऐकल्यावर मी तो आकडा लक्षात ठेवलाय, सत्तर.

कोणाला पुण्यात ही गाडी बसून बघायची असेल, विशेषतः माझ्या वयाच्या बायकांना, तर टेस्ट ड्राइव्हला जाताना घरच्या कोणालाही नेऊ नका, एकट्या जा. सपाट शूज घाला. आधीच सांगून ठेवा की मला चढ आणि उतार दोन्ही असलेला रस्ता हवा, शोरूमच्या चौकातून एक चक्कर नको. आणि परत आल्यावर लगेच उतरू नका, इंजिन बंद करून दोन मिनिटं बसा, कंबर आणि गुडघा काय सांगतात ते ऐका, मग हो नाही ठरवा.

उद्या पहाटे पाचला मी चिपळूणला निघतेय, आईला आणायला, यंदा ती ८७ ची होईल. प्लास्टिकची पिशवी डिकीत ठेवलीय आणि चारही टायरची हवा आत्ताच बघून आले.